विवरणपत्रात नसलेले मूल

जुलै महिना उजाडला की निवृत्त अधिकाऱ्यांच्या बैठकीत पावसाइतकाच प्राप्तिकर विवरणपत्राचा विषय निघतो. परवा एक जुने सहकारी घरी आले. त्यांच्या मुलाचा तीन वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. नात आईबरोबर दुसऱ्या शहरात राहते. मुलगा न्यायालयाच्या हुकमाप्रमाणे दरमहा वीस हजार रुपये पाठवतो, शाळेची फी निराळी भरतो, सुटीत मुलीला आणतो आणि पोहोचवतो. ‘सगळा खर्च तो करतो, मग मुलीचे नाव विवरणपत्रात लिहायचे कुठे?’ असा त्यांचा साधा प्रश्न होता. मी त्यांना सांगितले की असा रकानाच नाही. त्यांचा विश्वास बसेना. ज्या राज्यसंस्थेला आपल्या बँकेतील व्याजाचा रुपया न् रुपया ठाऊक असतो, तिला आपले मूल ठाऊक नसावे, हे त्यांना चमत्कारिक वाटले.

त्यांच्या विस्मयात तथ्य आहे. मात्र मी त्यांना जे सांगितले ते अर्धेच सत्य होते. काही विवरणपत्रांच्या नमुन्यांत मुलाचे नाव लिहिण्याची जागा असते. ‘विनिर्दिष्ट व्यक्तींचे उत्पन्न’ दाखवण्याची एक अनुसूची असते. पत्नी किंवा अज्ञान अपत्य यांचे जे उत्पन्न करदात्याच्या उत्पन्नात मिळवायचे असते, ते तिथे नोंदवतात. म्हणजे मुलाने काही मिळवले तर ते विवरणपत्रात अवतरते. मुलासाठी काही खर्चले तर मात्र, दोनचार वजावटींचा अपवाद सोडला, तर ते अदृश्य राहते. आपल्या करकायद्याची मुलाकडे पाहण्याची दृष्टी या एका गोष्टीत सामावली आहे. आईवडील एकत्र नांदत असताना त्याचे फारसे बिघडत नाही. घर मोडले की मात्र ही दृष्टी अपुरी पडते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्याकडच्या अनेक कुटुंबांना हा प्रश्न अगदी वेगळ्या रूपात भेटतो. तिथे मूल हे करपत्रकातील एक महत्त्वाचे नाव असते. २०२५ पासून प्रत्येक पात्र मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत करसवलत आहे. मग घटस्फोटानंतर ती कोणाची? तिथल्या कायद्याने निकष ठरवून दिला आहे: वर्षातील अधिक रात्री मूल ज्याच्या छताखाली झोपले, तो ताबाधारक पालक आणि सवलत त्याची. रात्री समसमान झाल्या तर ज्याचे उत्पन्न अधिक, त्याची. ताबा नसलेल्या पालकाला सवलत घ्यायची असेल तर ताबाधारकाने ८३३२ क्रमांकाच्या अर्जावर सही करून आपला हक्क सोडावा लागतो. १९८४ च्या कायद्याने ही पद्धत घालून दिली, कारण त्याआधी दोघेही पालक एकाच मुलावर हक्क सांगत आणि करखात्याला घरगुती भांडणाचा निवाडा करत बसावे लागे. रात्री मोजण्याचा हा निकष आपल्याला रुक्ष वाटेल. तरी त्यामागे एक तत्त्व आहे. राज्यसंस्था मान्य करते की मूल वाढवण्याला खर्च येतो, त्या खर्चाची दखल करात घ्यायला हवी आणि ती कोणाच्या नावे घ्यायची याचे उत्तर कायद्यात असायला हवे.

आपल्याकडे हा वाद होत नाही, याचे कारण आपण तो सोडवला असे नव्हे. वाटून घ्यावे असे फारसे काही आपण ठेवलेलेच नाही.

हे नेहमी असे नव्हते. १९५५ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी कुटुंबाचा विचार प्रथमच करमुक्त मर्यादेत आणला. विवाहितांसाठी मर्यादा २,००० रुपये आणि अविवाहितांसाठी १,००० रुपये, असा भेद त्यांनी केला. त्यानंतर काही वर्षांतच मुलांच्या संख्येनुसार करमुक्त मर्यादा थोडी वाढवण्याची तरतूदही झाली. रक्कम लहान होती, पण करदात्याची ऐपत ठरवताना त्याच्या पदरी किती माणसे आहेत हे पाहावे, हा विचार त्यात होता. पुढे ही पद्धत मागे पडली. करदाता हा एकटा माणूस, ही कल्पना स्थिरावली. प्रशासनाच्या दृष्टीने ती सोयीची आहे हे मान्य. मीही आयुष्यभर सोयीच्या नियमांचे गोडवे गायले आहेत. पण सोय कोणाची आणि किंमत कोणाची, हा प्रश्न निवृत्तीनंतर तरी विचारायला हरकत नसावी.

आता आज मुलाच्या नावे काय मिळते ते पाहू. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ८०सी खाली दोन मुलांपर्यंत शिकवणी शुल्काची वजावट दीड लाखाच्या एकूण मर्यादेत मिळत आली आहे. शिक्षण भारतातील शाळेत, महाविद्यालयात किंवा विद्यापीठात आणि पूर्णवेळ हवे. देणगी आणि विकास निधी त्यात धरत नाहीत. इथे ताब्याचा प्रश्न कायदा विचारतच नाही. ज्याने शुल्क भरले, त्याला वजावट. त्यामुळे ताबा नसलेला पिता थेट शाळेत शुल्क भरत असेल आणि पावती त्याच्या नावे असेल, तर वजावट त्याची. मात्र तीच रक्कम त्याने पोटगीत मिळवून मुलाच्या आईला पाठवली आणि तिने शाळेत भरली, तर वजावट तिची. त्याला काहीही नाही. पैसा तोच, मूल तेच, शाळाही तीच. फरक केवळ कोणत्या खात्यातून गेला याचा. घटस्फोटाच्या संमतिपत्रात ‘शिक्षणाचा खर्च पिता करील’ एवढेच मोघम वाक्य लिहिणाऱ्या वकिलांनी हा फरक पक्षकारांना समजावून द्यायला हवा.

आरोग्यविम्याच्या हप्त्याचेही असेच आहे. अवलंबून असलेल्या अपत्यासाठी पिता हप्ता भरू शकतो. पूर्वपत्नीचा हप्ता मात्र घटस्फोटानंतर त्या वजावटीत बसत नाही, कारण ती आता ‘पत्नी’ नाही. दिव्यांग अपत्याच्या संगोपनासाठी ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व तीव्र असल्यास १,२५,००० रुपयांची ठोक वजावट जुन्या पद्धतीत आहे. पण तिथे अट अशी की ते अपत्य ‘पूर्णतः किंवा मुख्यत्वे’ त्या करदात्यावर अवलंबून हवे. दोन घरांत विभागलेल्या मुलाचे ‘मुख्यत्वे’ अवलंबून असणे कोणावर? जी आई नोकरी सांभाळून त्याला उचलून न्हाऊ घालते तिच्यावर, की जो पिता औषधोपचाराचे पैसे पाठवतो त्याच्यावर? अमेरिकेतील रात्री मोजण्याचा प्रश्न आपल्याकडे खरोखर उभा राहतो तो इथे, आणि त्याचे उत्तर कायद्यात लिहिलेले नाही.

पगारदारांना मिळणाऱ्या मुलांच्या शिक्षण भत्त्याची कथा तर करुण आहे. १९६१ च्या कायद्याखालील नियमांनी तो दरमहा, दरडोई १०० रुपयांपर्यंत करमुक्त ठेवला होता, आणि तोही दोन मुलांपुरता. वसतिगृहासाठी ३०० रुपये. ज्या काळात हे आकडे ठरले त्या काळातही ते उदार नव्हते.

आणि आता हा सारा संसारच आवरता घेतला जात आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली ही मूळ प्रणाली झाली. जुनी हवी असेल तर ती मुद्दाम निवडावी लागते. नव्या प्रणालीत दर कमी आहेत, बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर उरत नाही, आणि त्याचे स्वागत व्हायलाच हवे. पण तिच्यात शिकवणी शुल्काची वजावट नाही, शिक्षण भत्त्याची सूट नाही, आरोग्यविम्याची नाही आणि दिव्यांग अपत्याच्या संगोपनाचीही नाही. प्राप्तिकर कायदा, २०२५ ने १९६१ च्या कायद्यातील ८१९ कलमांची ५३६ केली आणि १ एप्रिल २०२६ ही आपल्या अंमलाची तारीख ठरवली. भाषा सोपी झाली, ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ यांचा घोळ जाऊन ‘कर वर्ष’ आले. कलम ८०सी चे १२३ झाले. मुलाविषयीचा मूळ विचार मात्र आहे तिथेच राहिला.

हे झाले देण्याचे. घेण्याच्या बाजूला कायद्याची स्मरणशक्ती किती तल्लख आहे ते पाहण्यासारखे आहे. पत्नीचे आणि अज्ञान अपत्याचे विशिष्ट उत्पन्न पित्याच्या उत्पन्नात मिळवण्याची तरतूद १९३७ मध्ये, ब्रिटिश काळात, १९२२ च्या कायद्यात घातली गेली. भागीदारी पेढ्यांत बायकामुलांची नावे घालून कर चुकवण्याची चाल बंद करणे हा तिचा हेतू होता. ती घटनाबाह्य असल्याचा दावा स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयात गेला. अकोल्याच्या प्राप्तिकर अधिकाऱ्याविरुद्धचा हा ‘बालाजी’ खटला. १९६१ मध्ये न्यायालयाने तरतूद वैध ठरवली. पुढे १९९२ च्या वित्त अधिनियमाने तिची व्याप्ती वाढवली. अज्ञान अपत्याने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा कौशल्याने मिळवलेले उत्पन्न आणि गंभीर दिव्यांगत्व असलेल्या अपत्याचे उत्पन्न वगळता त्याचे बाकी सारे उत्पन्न आता पालकाच्या उत्पन्नात जाते. सामान्य भाषेत याला ‘क्लबिंग’ म्हणतात.

कोणत्या पालकाच्या? इथे कायद्याने घटस्फोटाचा विचार केला आहे हे विशेष. आईवडिलांचा विवाह अस्तित्वात असेल तर ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात. विवाह अस्तित्वात नसेल तर त्या वर्षात जो पालक अपत्याचे पालनपोषण करतो, त्याच्या उत्पन्नात. आणि एकदा एका पालकाच्या उत्पन्नात मिळवले की पुढील वर्षी दुसऱ्याकडे न्यायचे असल्यास आकारणी अधिकाऱ्याने त्या पालकाचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक.

वाचायला हे न्याय्य वाटते. पण ‘पालनपोषण करतो’ म्हणजे काय? कायदा ‘ताबा आहे’ असे म्हणत नाही. वीस हजार पाठवणारा पिता पालनपोषण करतो की नाही? आणि ते वीस हजार घरखर्चात मिसळून, त्यात आपले पंधरा घालून, मुलाला शाळेत सोडणारी आई करते की नाही? प्रामाणिक उत्तर ‘दोघेही’ असे आहे. पण कायद्याला एकच नाव हवे असते.

त्याहून बिकट अवस्था घटस्फोट न झालेल्यांची. आपल्या कुटुंब न्यायालयांत दावे वर्षानुवर्षे चालतात, हे सांगायला आकडेवारी नको. या काळात पतीपत्नी वेगळे राहत असतात, मूल एकाकडे असते, दोघांत बोलणे नसते. पण कायद्याच्या दृष्टीने विवाह अस्तित्वात असतो. म्हणून पहिला नियम लागू: ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या खाती. कल्पना करा, आजोळच्या आजोबांनी नातवाच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवली. सात टक्क्यांनी वर्षाचे पस्तीस हजार व्याज झाले. मूल आईजवळ, ठेवीची पावती आईजवळ. पण पित्याचे उत्पन्न अधिक असेल तर ते व्याज त्याने आपल्या विवरणपत्रात दाखवायचे आणि तो सर्वांत वरच्या टप्प्यात असेल तर उपकरासह जवळजवळ अकरा हजार रुपये कर भरायचा. त्या ठेवीची त्याला गंधवार्ताही नसण्याचा संभव अधिक. जुन्या पद्धतीत अशा उत्पन्नातून दर मुलामागे १,५०० रुपयांची सूट तरी होती. नव्या प्रणालीत तीही नाही. पित्याने न दाखवल्यास तो दोषी. दाखवायचे म्हटले तर माहिती मागणार कोणाकडे? ज्या पत्नीशी तो न्यायालयात भांडतो आहे तिच्याकडे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू: मुलासाठी पाठवलेले पैसे. पित्याला त्यांची वजावट मिळत नाही. का, याचे उत्तर दोन जुन्या निकालांत आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यांची जोडी मोठी बोलकी वाटते.

पहिला निकाल १९३३ चा, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा. बंगालमधील अझीमगंजच्या दुधोरिया घराण्यातील राजे बिजयसिंह यांच्यावर त्यांच्या सावत्र आईने निर्वाहासाठी दावा केला आणि न्यायालयाने तिच्या निर्वाहाचा बोजा थेट इस्टेटीवर चढवला. ती रक्कम राजांचे उत्पन्न धरायची का? लॉर्ड मॅकमिलन यांनी ‘नाही’ म्हटले. जे पैसे त्यांच्या हाती येण्याआधीच कायद्याने दुसरीकडे वळले, ते त्यांचे उत्पन्नच नव्हे.

दुसरा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा, नोव्हेंबर १९६० मधला. शीतलदास तीर्थदास या नावाने तो ओळखला जातो. मुंबई उच्च न्यायालयातील संमतीच्या हुकूमनाम्यानुसार करदाता पत्नीला आणि मुलांना दरमहा १,५०० रुपये निर्वाहखर्च देत होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची वजावटीची मागणी मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भेद स्पष्ट केला: उत्पन्न हाती येण्याआधीच वळले तर ते उत्पन्न नव्हे, पण हाती आल्यावर त्यातून एखादे देणे भागवले, तर तो उत्पन्नाचा विनियोग. पत्नी-मुलांचा खर्च हा दुसऱ्या प्रकारात पडतो. माणसाने आपल्याच उत्पन्नातून आपले कर्तव्य पार पाडले, इतकेच.

या दोन निकालांतून बाहेर पडणारे वास्तव मात्र विचार करायला लावणारे आहे. इस्टेटवाल्या जमीनदाराच्या निर्वाहाच्या देण्याला कायद्याने जागा करून दिली, कारण बोजा मालमत्तेवर होता. पगारदाराकडे बोजा चढवायला इस्टेट नसते. त्याच्याकडे असतो तो महिन्याच्या अखेरीस येणारा पगार आणि त्यातून द्यायचे कर्तव्य.

तरीही मी शीतलदास निकालाला दोष देणार नाही. संमतीच्या हुकूमनाम्यावर वजावट मिळू लागली तर करापायी कागदावर विभक्त होणाऱ्या जोडप्यांची आपल्या देशात उणीव पडणार नाही. शिवाय वजावटीचा फायदा जास्त दराने कर भरणाऱ्याला अधिक होतो. गरीब पित्याला तिचा उपयोग शून्य. आणि पोटगीचा आकडा ठरवताना न्यायालये निव्वळ उत्पन्नच पाहतात. २०१७ मध्ये एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के हे प्रमाण पत्नीच्या पोटगीसाठी योग्य मानले होते. म्हणजे पित्याने भरलेला कर हिशेबात आधीच धरला जातो. एकत्र राहणाऱ्या पित्यालाही मुलाच्या दुधाची वजावट मिळत नाही. मग विभक्त झाल्याने ती का मिळावी, हा युक्तिवादही बिनतोड आहे.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. एकत्र कुटुंबात मुलाच्या खर्चावर एकदाच कर लागतो: मिळवत्याच्या हाती. विभक्त कुटुंबात तो दोनदा लागण्याची शक्यता उभी राहते. १९८३ मध्ये प्रतापगडच्या राजकन्या महेश्वरीदेवी यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले की घटस्फोटानंतर एकरकमी मिळालेली पोटगी ही भांडवली स्वरूपाची, म्हणून करमुक्त. पण दरमहा मिळणारी रक्कम हे उत्पन्न, म्हणून करपात्र. तो निकाल पत्नीच्या पोटगीविषयी होता. पण आपल्याकडे अनेक हुकूमनाम्यांत ‘पत्नी व अपत्य यांच्या निर्वाहासाठी दरमहा अमुक’ अशी एकच रक्कम लिहिलेली असते. मग त्यातील मुलाचा वाटा कोणता आणि तो आईचे उत्पन्न कसा?

आकड्यांनी हे स्पष्ट होईल. सर्वांत वरच्या टप्प्यातील पित्याला वर्षाला २,४०,००० रुपये पाठवायचे तर तीस टक्के कर आणि त्यावरील चार टक्के उपकर धरून त्याला सुमारे ३,४९,००० रुपये मिळवावे लागतात. वीस टक्क्यांच्या टप्प्यातील आईने ती सर्व रक्कम स्वतःचे उत्पन्न म्हणून दाखवली, तर तिचे आणखी सुमारे ५०,००० रुपये करात जातात. म्हणजे मुलासाठी कमावलेल्या साडेतीन लाखांतून मुलापर्यंत पोहोचतात जेमतेम १,९०,०००. पिता म्हणतो, मी साडेतीन लाख दिले. आई म्हणते, मला सोळा हजारांचा अंक ओलांडता येत नाही. कारण दर महिन्याला तिच्या हाती उरतात ते १६,००० रुपये. दोघेही खरे बोलत असतात आणि त्या खरेपणातून पुढचा अर्ज, पुढची तारीख, पुढचे भांडण जन्माला येते.

खरे तर बाप आणि मूल यांचे नाते घटस्फोटाने तुटत नाही. पिता मुलाला देतो ती रक्कम, मुलाचीच म्हणून वेगळी दाखवली, तर तिला आईचे उत्पन्न म्हणण्यास फारसा आधार उरत नाही, असे माझे मत आहे. पण मत आणि कायद्यातील स्पष्ट वाक्य यांत, सरकारी भाषेत सांगायचे तर, एका फायलीचे अंतर असते.

कौटुंबिक कायद्याने या दरम्यान बरीच मजल मारली आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मधील ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ मध्ये गेली. ते कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाने आहे आणि धर्मनिरपेक्षपणे सर्व मुलांना लागू आहे. १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुस्लिम पित्याचीही अज्ञान मुलांविषयीची जबाबदारी याच कलमाखाली कायम असल्याचे सांगितले. १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात पालकत्वाचा प्रश्न आला. लेखिकेने मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी केलेल्या अर्जावर पालक म्हणून तिची सही चालेना, म्हणून. पित्यानंतर आई, या शब्दांतील ‘नंतर’ चा अर्थ केवळ मृत्यूनंतर असा नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. २०१८ पासून आई एकटीच पालक असेल तर पॅन कार्डाच्या अर्जात पित्याचे नाव लिहिण्याची सक्ती उरली नाही. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या रजनीश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. म्हणजे कुटुंब न्यायालय आता प्राप्तिकर विवरणपत्र बारकाईने वाचते. प्राप्तिकर खाते मात्र कुटुंब न्यायालयाचा हुकूमनामा वाचत नाही.

करकायद्याला कौटुंबिक वास्तवाची दखल घेताच येत नाही, असे नाही. गोव्यात, तसेच दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव येथे, पोर्तुगीज नागरी संहितेखालील पतीपत्नींचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत निम्मे निम्मे वाटून आकारले जाते. तिथल्या समाईक मालमत्तेच्या प्रथेसाठी १९६१ च्या कायद्यात ५ए हे स्वतंत्र कलम घातले गेले. एका प्रदेशातील विवाहाच्या रीतीसाठी कायदा इतका वाकू शकतो, तर देशभरातील विभक्त घरांतील मुलांसाठी दोन ओळी लिहिणे अवघड नसावे.

त्या दोन ओळी कोणत्या? पहिली: अज्ञान अपत्याच्या निर्वाहासाठी न्यायालयाच्या हुकमानुसार मिळालेली रक्कम ती स्वीकारणाऱ्या पालकाचे उत्पन्न मानली जाणार नाही. दुसरी: पालक न्यायालयाच्या हुकमान्वये किंवा दावा प्रलंबित असताना प्रत्यक्ष विभक्त राहत असतील, तर अपत्याच्या व्याजादी उत्पन्नाची आकारणी ज्याच्याजवळ अपत्य राहते त्याच्या हाती होईल. पहिलीने दुहेरी कर टळेल. दुसरीने अज्ञात ठेवीचा दोष दूरच्या पालकावर येणार नाही. यात तिजोरीचे नुकसान फारसे नाही, कारण पित्याच्या हाती कर भरला गेलेलाच असतो. दिव्यांग अपत्याच्या संगोपनाची वजावट नव्या प्रणालीत परत आणावी आणि दोन पालकांनी लेखी ठरवल्यास ती वाटून घेता यावी, ही तिसरी सूचना. तिच्यासाठी मात्र सरकारला थोडे औदार्य दाखवावे लागेल.

कोणी म्हणेल, बारा लाखांवर कर भरणारे किती आणि त्यांतले घटस्फोटित किती! संख्या लहान आहे, हे खरे. पण कायद्याची परीक्षा गर्दीत होत नाही. ती कडेला उभ्या असलेल्यांपाशी होते. ब्रिटनने सत्तरच्या दशकात पित्याच्या पगारातील मुलांची करसूट हळूहळू बंद करून ते पैसे थेट मुलाला सांभाळणाऱ्याच्या, बहुधा आईच्या, हाती द्यायला सुरुवात केली, तेव्हाही प्रश्न पैशाच्या आकड्याचा कमी आणि मुलापर्यंत पैसा पोहोचण्याचा अधिक होता.

तोपर्यंत, संसदेची वाट न पाहता, घटस्फोटाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आईवडिलांना काही गोष्टी करता येतील. संमतिपत्रात पत्नीची आणि मुलाची रक्कम स्वतंत्र लिहावी. मुलाच्या नावे वेगळे खाते काढून त्याचा वाटा तिथेच जमा करावा. शाळेचे शुल्क कोण आणि कोणत्या खात्यातून भरणार हे नोंदवावे. मुलाच्या नावावरील ठेवी आणि रोखे यांची यादी दोघांनी एकमेकांना द्यावी आणि त्यांचे उत्पन्न कोण दाखवणार हे ठरवावे. मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खाते एकीचे एकच निघते. त्याचे व्याज करमुक्त असल्याने तिथे हा वादच उद्भवत नाही, तेव्हा ते कोणी उघडायचे यावर भांडण्यापेक्षा दोघांनी त्यात भर घालावी.

माझ्या सहकाऱ्यांना मी हेच सांगितले. त्यांनी खिशातून नातीच्या शाळेची पावती काढली. ती मुलीच्या आईच्या नावावर होती. पैसे मुलाच्या खात्यातून आईकडे आणि तिथून शाळेत गेले होते. ‘पुढच्या वर्षीपासून थेट शाळेतच भरायला सांगतो,’ ते म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, ‘पण त्यासाठी त्या दोघांना एकदा बोलावे लागेल.’ कायदा दुरुस्त व्हायला वेळ लागेल; हे बोलणे तेवढे थांबू नये.